सातवे अंग : ‘आज्ञापत्रा’तील राज्यरक्षणाची परिभाषा

१

रामचंद्र नीलकंठ अमात्य यांच्या नावाशी निगडित असलेले ‘आज्ञापत्र’ हे मराठीतील राजनीतिविषयक गद्याचे शिखर मानले जाते, आणि ते सर्वस्वी योग्य आहे. कोल्हापूरच्या संभाजीमहाराजांच्या नावे १७१५ च्या सुमारास सिद्ध झालेल्या ह्या ग्रंथाचा अभ्यास आजवर मुख्यतः दोन अंगांनी झाला. इतिहासाच्या अभ्यासकांनी त्यात शिवकालीन राज्यव्यवस्थेचा पुरावा शोधला; साहित्याच्या अभ्यासकांनी त्याच्या भारदस्त व आटोपशीर शैलीची वाखाणणी केली. ग्रंथाने काय सांगितले ह्याकडे दोन्ही पक्षांचे लक्ष गेले. त्याने काय सांगितले नाही, ह्याची मीमांसा मात्र फारशी झालेली दिसत नाही. प्रस्तुत लेखाचा विषय ही अनुक्ती हाच आहे.

आमचे प्रतिपादन थोडक्यात असे : राज्याच्या रक्षणाचा जो विचार ‘आज्ञापत्रा’त आढळतो तो त्या काळाच्या मानाने आश्चर्य वाटावे इतका व्यापक आहे, तथापि बरोबरीच्या सत्तांशी करावयाच्या सहकार्याची परिभाषा त्यात तयार झालेली नाही. ही उणीव शब्दसंग्रहात दिसते, वाक्यरचनेत दिसते आणि ग्रंथाच्या प्रकरणरचनेतही दिसते. पुढील चाळीस वर्षांत कोकणपट्टीवर जे घडले ते पाहता ती केवळ वाङ्मयीन उणीव राहत नाही.

ग्रंथकाराचा विचार करताना एक गोष्ट लक्षात ठेवावयास हवी. अमात्यांचे घराणे मूळचे कल्याण-भिवंडीजवळच्या कोळवणातले असल्याचे सांगितले जाते. त्यांचे वडील निळो सोनदेव व चुलते आबाजी सोनदेव हे शिवछत्रपतींच्या कारभारात वर चढले. स्वतः रामचंद्रपंतांनी पाच छत्रपतींची सेवा केली आणि राजाराममहाराज जिंजीस असताना, १६८९ नंतरच्या बिकट वर्षांत, महाराष्ट्रातील कारभाराचा भार वाहिला. राज्य बुडताना व सावरताना पाहिलेल्या माणसाचे हे लेखन आहे. पुस्तकी पांडित्याचा आरोप त्यावर करता येणार नाही.

२

प्रथम ग्रंथाचे सामर्थ्य पाहू. ‘आज्ञापत्रा’तील दुर्गप्रकरण सर्वपरिचित आहे. गडाच्या जवळ दुसरा उंच डोंगर असू नये, असल्यास तो तोडावा अथवा आपल्या कह्यात आणावा. पाण्याची सोय पाहिल्याशिवाय गड बांधू नये. एका माणसाच्या हाती सगळी सत्ता एकवटू नये म्हणून हवालदार, सबनीस, कारखानीस अशी कामांची वाटणी असावी. इत्यादी नियम तेथे तपशिलाने येतात. ह्या नियमांमागे एकच तत्त्व दिसते : धोका बाहेरून येतो तसा आतूनही येतो, आणि बंदोबस्त दोहोंचा करावा लागतो.

परंतु ग्रंथाची खरी थोरवी तटाबाहेर पडल्यावर कळते. आरमाराला ग्रंथकार राज्याचे स्वतंत्र अंग मानतो. पाच गुराबा व पंधरा गलबते मिळून एक सुभा करावा अशी मांडणी तो देतो. त्यापेक्षा महत्त्वाचा आहे तो आरमाराच्या वेतनाविषयीचा नियम. आरमाराचा खर्च बंदरांच्या उत्पन्नावर टाकू नये. तसे केल्यास आरमारी लोक सावकारांना उपद्रव देतील, सावकार येईनासे होतील आणि बंदरेच बुडतील, असा त्याचा इशारा आहे. संरक्षण करणाऱ्यांनीच संरक्षितांना नागवू नये ह्यासाठी खर्चाची वाट कोणती असावी, हा प्रश्न आजही अनेक देशांत सुटलेला नाही. इथे तो अठराव्या शतकाच्या आरंभी नेमक्या शब्दांत मांडला गेला आहे.

पावसाळ्यात आरमार छावणीस ठेवताना दर वर्षी तेच बंदर निवडू नये, कारण तेथील रहिवाशांना त्याचा जाच होतो, हा नियम त्याच जातीचा. जहाजांना लाकूड लागते म्हणून रयतेच्या दारातले आंबे-फणस तोडू नयेत. ही झाडे वर्षादोनवर्षांत होत नाहीत, लोकांनी ती लेकरांसारखी वाढविलेली असतात. एखादे झाड अगदी जुने झाले असेल तर धन्याला राजी करून, मोल देऊन घ्यावे, असे ग्रंथकार बजावतो. ह्या भागाचे साहित्यिक मोल पुष्कळांनी सांगितले आहे. आम्हाला त्यात राज्यरक्षणाची एक व्याख्या दिसते. जे राखावयाचे ते केवळ सिंहासन नव्हे. रयतेचे झाड, सावकाराचे तरांडे आणि बंदरातील निर्भय व्यवहार हेही राखावयाचे आहे. झाड तोडून बांधलेल्या गलबताने झाडाच्या धन्याचे रक्षण होत नाही, हे ग्रंथकाराला पक्के ठाऊक आहे.

टोपीकरांविषयीचे त्याचे निरीक्षणही असेच दूरदृष्टीचे आहे. फिरंगी, इंग्रज, वलंदेज, फरांसिस हे इतर सावकारांसारखे सावकार नव्हेत. त्यांच्या पाठीशी त्यांचे राजे आहेत, आरमार व तोफा ही त्यांची बळाची ठिकाणे आहेत, आणि एकदा हाती आलेली जागा ते सोडीत नाहीत, असे तो ओळखतो. म्हणून त्यांना समुद्रकिनारी वा खाडीच्या तोंडाशी वखारीस जागा देऊ नये. द्यावयाचीच तर आत, सखल जागी, शहराच्या दाबाखाली द्यावी आणि पक्की इमारत बांधू देऊ नये, असा त्याचा निर्णय आहे.

३

आता ह्या ग्रंथाच्या भाषेकडे वळू. ‘आज्ञापत्रा’तील बहुसंख्य वाक्ये विध्यर्थी आहेत : करावे, ठेवावे, राखावा, द्यावी, होऊ देऊ नये. मराठीतील हे ‘-आवा’ रूप संस्कृतातील ‘-तव्य’ प्रत्ययापासून आलेले आहे. ‘कर्तव्य’ आणि ‘करावे’ ही एकाच वंशाची. ह्या रूपाचा एक विशेष व्याकरणकारांनी नोंदविलेला आहे. क्रियापद सकर्मक असेल तर ते कर्माच्या लिंगवचनाशी जुळते आणि कर्ता ‘ने’ लावून बाजूस उभा राहतो : त्याने गड राखावा, त्याने झाडे राखावीत. बाजूस उभा असलेला हा कर्ता वाक्यातून सहज गळतो. ‘गड राखावा’ एवढे म्हटले तरी वाक्य पुरे होते.

आज्ञेच्या भाषेला ही रचना फार सोयीची आहे. आज्ञा देणारा गृहीत असतो, पाळणाराही गृहीत असतो. मुखावर उरते ते काम आणि त्याचे कर्म. पण ह्याच कारणाने अशा वाक्यात परस्परभावाला जागा मिळणे कठीण होते. दोन समान कर्ते एकमेकांशी काही ठरवीत आहेत, हा आशय मांडावयाचा तर दोन्ही कर्ते वाक्यात उपस्थित असले पाहिजेत. ‘आज्ञापत्रा’च्या वाक्यात सावकार, वतनदार, टोपीकर, परदेशी तरांडी ही सर्व बहुधा कर्माच्या किंवा संप्रदानाच्या जागी येतात. त्यांना काही द्यावयाचे असते, त्यांच्यापासून काही राखावयाचे असते, क्वचित त्यांना राजी करावयाचे असते. त्यांच्यासह काही ठरवावयाचे आहे असा प्रसंग जवळजवळ येत नाही.

शब्दसंग्रहही हेच सांगतो. परक्या सावकाराशी संबंध जोडण्याचा ग्रंथातील प्रमुख शब्द ‘कौल’ हा आहे. बिनकौली तरांडे दिसले तर त्यावर एकाएकी न पडता त्याला दिलासा देऊन आणावे, कौल द्यावा, असा उदार उपदेश तेथे आहे. ‘कौल’ हा मूळ अरबी शब्द. अर्थ बोल, वचन. मराठीत तो अभयवचनाचा वाचक झाला आणि देवाच्या कौलापर्यंत पोहोचला. देवाने द्यावा, धन्याने द्यावा. कौल नेहमी वरून खाली येतो. बरोबरीच्या माणसाला कौल देता येत नाही. त्याच्याशी तह करावा लागतो, आणि तहाची कला ह्या ग्रंथाचा विषय झालेली नाही.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. भाषेच्या रचनेमुळे विचार बांधला जातो असे आम्हाला म्हणावयाचे नाही. ‘एकमेकांशी’, ‘परस्परे’, ‘मिळोन’ असे शब्द त्या काळच्या पत्रव्यवहारात विपुल आहेत. मराठीला सहकार्य बोलता येत नव्हते असे कोणी म्हणणार नाही. आमचा मुद्दा निवडीचा आहे. भाषेत जे उपलब्ध होते त्यातून ह्या ग्रंथाने काय उचलले आणि काय बाजूस ठेवले, एवढेच आम्ही पाहत आहो.

४

ही निवड प्रकरणरचनेत अधिक स्पष्ट होते. प्राचीन राजनीतिशास्त्राने राज्याची सात अंगे सांगितली : स्वामी, अमात्य, जनपद, दुर्ग, कोश, दंड आणि मित्र. ‘आज्ञापत्रा’चा आराखडा ह्या परंपरेशेजारी ठेवून पाहावा. राजा व प्रधान ह्यांची प्रकरणे आहेत. सावकार, वतनदार, वृत्ती ह्यांच्या प्रकरणांत जनपद येते. दुर्गाचे प्रकरण सर्वांत समृद्ध. कोशाचा विचार ठिकठिकाणी विखुरलेला आहे. दंडाच्या कक्षेत आरमाराचे सर्वस्वी नवे प्रकरण आले आहे. समुद्राकडे राजनीतीचा विषय म्हणून पाहणारे ते मराठीतील पहिले ठळक लेखन म्हणावयास हरकत नाही. मित्राला मात्र प्रकरण नाही. ग्रंथकाराने एका अंगाची भर घातली आणि एक अंग रिकामे ठेवले.

ह्यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, हे अंतर्गत आज्ञेचे पत्र आहे, परराज्यनीतीचा ग्रंथ नव्हे. पण टोपीकरांविषयी इतके सविस्तर लिहिणारा ग्रंथ केवळ अंतर्गत कारभाराचा म्हणता येत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. १७१५ साली कोल्हापूरच्या गादीला मित्र होते कोठे? सातारा व कोल्हापूर ह्यांचा कलह चालू होता. १७१४ मध्ये बाळाजी विश्वनाथाने कान्होजी आंग्र्यांशी बोलणी करून त्यांना शाहूमहाराजांच्या पक्षास वळविले होते, आणि त्यांच्याबरोबर मराठी आरमाराचा मोठा भाग कोल्हापूरच्या हातून गेला होता. आरमारावरील सुंदर प्रकरण लिहिले गेले तेव्हा आरमार बहुतांशी दुसऱ्याकडे होते. अशा वेळी मित्राचे प्रकरण लिहिणे म्हणजे जखमेवर बोट ठेवणे.

हा आक्षेप आम्ही मान्य करतो. पण त्यामुळे उणिवेचे कारण समजते, उणीव भरून येत नाही. किंबहुना ती अधिक बोचते. राजाराममहाराजांच्या काळात संताजी, धनाजी, शंकराजी नारायण, परशुराम त्रिंबक अशा स्वतंत्र वृत्तीच्या माणसांना एका कार्यात बांधून ठेवण्याचे अवघड काम खुद्द रामचंद्रपंतांनी केले होते. आज्ञा पाळतीलच अशी खात्री नसलेल्या सहकाऱ्यांशी जुळवून घेण्याचा एवढा अनुभव त्या पिढीत क्वचितच दुसऱ्या कोणाला असेल. तो अनुभव ग्रंथात सिद्धान्तरूपाने उतरला नाही.

५

ह्या उणिवेची परीक्षा पाहावयाची तर ग्रंथकाराच्या घराण्याच्या मूळ प्रदेशाकडेच वळावे. भिवंडी तालुक्यात तानसा नदीच्या काठी अकलोली हे गाव आहे. तेथील उष्ण पाण्याची कुंडे प्रसिद्ध आहेत. जवळच वज्रेश्वरीचे देवालय आणि गुमतारा डोंगर. तानसा पुढे वैतरणेस मिळते आणि वैतरणेच्या मुखाशी अर्नाळ्याचे बेट. दक्षिणेस उल्हास नदीची खाडी, तिच्या मुखाशी वसई. अकलोलीचा परिसर असा दोन खाड्यांच्या पाठीमागे वसलेला आहे. समुद्र दिसत नाही, पण समुद्रावर जे घडते ते येथवर पोहोचते.

वसई १५३४ पासून पोर्तुगीजांकडे होती, आणि मुंबई सतराव्या शतकात इंग्रजांकडे गेली. टोपीकरांना किनाऱ्यावर जागा देऊ नये हा ‘आज्ञापत्रा’चा नियम लिहिला जाण्यापूर्वीच उत्तर कोकणात तो निरर्थक झाला होता. प्रश्न होता तो ह्या शेजाऱ्यांबरोबर राहावयाचे कसे, हा. आणि त्याचे उत्तर ग्रंथात नाही. शिवछत्रपतींना ह्या प्रश्नाची झळ आधीच लागली होती. १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी हाती आल्यावर त्यांनी तेथे जहाजे बांधावयास आरंभ केला आणि पोर्तुगीज कारागीर कामास लावले. वसईच्या अधिकाऱ्यांनी ते कारागीर फितवून परत नेले. आरमाराच्या जन्मवेळीच शेजाऱ्याच्या मर्जीचा प्रश्न पुढे उभा होता.

१७३७ ते १७३९ ची वसईची मोहीम ह्या दृष्टीने पुन्हा वाचावी. मे १७३९ मध्ये वसई पडली. विजय मिळाल्यास देवालय बांधीन असा चिमाजी अप्पांनी वज्रेश्वरीस नवस केला होता, अशी परंपरा आहे. आजचे देवालय त्या नवसातून उभे राहिले असे सांगतात, आणि त्याचा दगडी तट व दरवाजा पाहून किल्ल्याचीच आठवण होते. परंतु वसई केवळ सुरुंगांनी व तलवारींनी पडली नाही. भिवंडी तालुक्यातल्याच अंजूरचे गंगाजी नाईक व त्यांचे बंधू ह्यांनी वर्षानुवर्षे चालविलेली खटपट, साष्टीतल्या लोकांशी राखलेले अनुसंधान आणि खाड्यांची व वाटांची स्थानिक माहिती ह्यांवर त्या मोहिमेचा पाया होता. १७३७ मध्ये ठाणे व साष्टी इतक्या झपाट्याने हाती आली ती आतून साथ मिळाली म्हणून. शरण आलेल्यांना सन्मानाने जाऊ देणाऱ्या अटी मान्य करून मोहिमेचा शेवट झाला. जेथे माणसे सोबत घेतली गेली तेथे यश आले.

ह्याच्या शेजारी दुसरे दोन प्रसंग ठेवावेत. १७३३ मध्ये जंजिऱ्यावर मोहीम निघाली. पेशवे, प्रतिनिधी व आंग्रे ह्यांच्या हेतूंचा मेळ बसला नाही. सेखोजी आंग्रे त्याच वर्षी वारले आणि त्यांच्या घरात भाऊबंदकी माजली. जंजिरा राहिला तो राहिलाच. दुसरा प्रसंग अधिक दारुण. १७५५ मध्ये नानासाहेब पेशव्यांनी तुळाजी आंग्र्यांविरुद्ध मुंबईकर इंग्रजांशी करार केला. त्या वर्षी सुवर्णदुर्ग इंग्रजी आरमाराच्या माऱ्याने पडला; फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसन व क्लाइव्ह ह्यांनी विजयदुर्ग घेतला आणि आंग्र्यांचे आरमार बंदरातच जळाले. विजयदुर्ग पुढे पेशव्यांना मिळाला, पण बाणकोट इंग्रजांकडे गेले. तुळाजींचा उपद्रव खरा होता आणि पेशव्यांची तक्रार निराधार नव्हती, हे नमूद केले पाहिजे. तरीही फलित काय झाले? ज्यांना किनाऱ्यावर जागा देऊ नये असे चाळीस वर्षांपूर्वी लिहिले गेले त्यांना किनाऱ्यावर जागा मिळाली, आणि ज्या अंगाला राज्याचे स्वतंत्र अंग म्हटले ते आपल्याच पक्षाच्या करारान्वये तुटले. टोपीकरांविषयीचा इशारा शब्दशः खरा ठरला. पण आंग्र्यांशी कसे वागावे, स्वतंत्र वृत्तीच्या आरमारी सरदाराला आज्ञेवाचून सोबत कसे ठेवावे, ह्याविषयी इशारा कोणीच लिहून ठेवला नव्हता. सातव्या अंगाची रिकामी जागा ती हीच.

६

कोकणचा समुद्र एकट्या कोकणचा नव्हता. जंजिऱ्याचे सिद्दी वंशाने पूर्व आफ्रिकेचे. जुन्या मराठी कागदांत त्यांच्या मुलखाला ‘हबसाण’ म्हटले आहे, ते हबश म्हणजे ॲबिसिनियावरून. वसई राखणारे पोर्तुगीज मोंबासाही राखीत होते. तेथील किल्ला १६९८ मध्ये ओमानच्या अरबांनी घेतला. दोन्ही तीरांची बंदरी भाषाही काही अंशी एक आहे. मराठी ‘बंदर’ व स्वाहिली ‘बंदारी’, मराठी ‘नाखवा’ व स्वाहिली ‘नाहोधा’, जहाजाचा ‘नांगर’ व स्वाहिली ‘नांगा’ ही जोडपी फारसीतून दोन्हीकडे पोहोचलेली आहेत. शेतीचा नांगर निराळा. तो संस्कृत ‘लांगल’.

म्हणून त्या तीरावर आजच्या काळात सुरक्षिततेचा विचार कोणत्या शब्दांत होतो हे पाहणे अप्रस्तुत ठरू नये. स्वाहिलीत सुरक्षिततेला ‘उसलामा’ म्हणतात. त्याचे मूळ आपल्या ‘सलामत’चेच. सहकार्याला ‘उशिरिकियानो’ म्हणतात. त्याचे मूळ आपल्या ‘शरीक’चेच. पण ह्या दुसऱ्या शब्दाची घडण स्वाहिलीची स्वतःची आहे. ‘शिरिकी’ म्हणजे भाग घेणे. त्याला परस्परवाचक ‘-आना’ लागून ‘शिरिकियाना’ म्हणजे एकमेकांसह भाग घेणे. त्यापासून भाववाचक नाम. परस्परभाव तेथे क्रियापदाच्या अंगातच वसतो. मराठीत तो स्वतंत्र शब्दाने आणावा लागतो.

केनियाचा अलीकडचा इतिहास ह्या दोन शब्दांमधला आहे. ऑक्टोबर २०११ मध्ये केनियाने सोमालियात सैन्य घातले. त्या मोहिमेचे नाव होते ‘लिंडा न्ची’, म्हणजे ‘देश राख’. ‘गड राखावा’ ह्याच जातीचे, एकाच कर्त्याचे वाक्य. पुढच्याच वर्षी ते सैन्य आफ्रिकी संघाच्या संयुक्त दलात समाविष्ट झाले. एका राष्ट्राला सीमा ओलांडून जे राखता येत नाही ते अनेकांनी मिळून राखावे लागते, ह्याची ती कबुली होती. पूर्व आफ्रिकी समुदायाची कथाही बोलकी आहे. १९६७ मध्ये केनिया, युगांडा व टांझानिया ह्यांनी उभा केलेला समुदाय १९७७ मध्ये मोडला. १९९९ मध्ये अरुशा येथे नवा करार होऊन तो पुन्हा उभा राहिला. आणि मार्च २०२४ मध्ये सोमालियाही त्याचा सदस्य झाला. ज्या भूमीत सैन्य पाठवावे लागले ती भूमी आता करारातील एक कर्ता आहे. ह्याने तेथील सर्व प्रश्न मिटले असा समज कोणी करून घेऊ नये; सदस्य राष्ट्रांतील वैरे व तंटे चालूच आहेत. तथापि मोडलेला करार पुन्हा लिहावयाचा असतो, ही वृत्ती लक्षात घेण्याजोगी आहे. केनियाच्या २०१० च्या संविधानाने राष्ट्रीय सुरक्षिततेच्या व्याख्येत भूमीबरोबर लोक, त्यांचे हक्क, मालमत्ता व समृद्धी ह्यांचाही समावेश केला आहे. रयतेच्या आंब्या-फणसांची काळजी वाहणाऱ्या रामचंद्रपंतांना ती व्याख्या परकी वाटली नसती.

७

निष्कर्ष असा. ‘आज्ञापत्र’ हे संरक्षणाच्या विचारात आपल्या काळाच्या पुढे आहे आणि सहकार्याच्या विचारात आपल्या परंपरेच्याही मागे आहे. कारण परंपरेने मित्राला निदान अंगांच्या यादीत स्थान दिले होते. ग्रंथाची थोरवी ह्याने उणावत नाही. त्याची आरमाराच्या वेतनाची, बंदराच्या जाचाची व झाडांच्या मालकीची कलमे प्रत्येक शासनकर्त्याने वाचावीत अशीच आहेत. परंतु आपल्या विद्यापीठांत हा ग्रंथ पराक्रमी राजनीतीचा परिपूर्ण आदर्श म्हणून शिकविला जातो तेव्हा विद्यार्थ्याच्या मनात एक धारणा नकळत रुजते : चांगली आज्ञा आणि चांगला तट असला म्हणजे राज्य राखले जाते. विजयदुर्गाच्या बंदरात जळालेली गलबते ह्या धारणेविरुद्ध साक्ष देतात.

म्हणून दुर्ग व आरमार ह्या प्रकरणांचे अध्यापन १७३९ व १७५६ ह्या दोन्ही वर्षांच्या कागदपत्रांसह व्हावे, असे आम्ही सुचवितो. अंजूरकरांची खटपट व आंग्र्यांचा विनाश ही ‘आज्ञापत्रा’ची दोन अलिखित प्रकरणे होत. ती शेजारी ठेवून वाचली म्हणजे ‘राखावे’ ह्या क्रियापदाचा गळलेला कर्ता कोण, आणि त्याच्या जोडीला आणखी कोणाकोणाला उभे राहावे लागते, हे विद्यार्थ्याला स्वतःच शोधावे लागेल. जुन्या ग्रंथाच्या अभ्यासाचे प्रयोजनही एवढेच असते.